बंद म्हणजे खरोखर बंद : छोट्या लढाऊ रोबोची 'लिंक' कशी निवडावी?

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत आम्ही माल घ्यायला जात असू, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका वयस्क मिस्त्रींची एक सवय आमच्या नजरेत भरली होती. मागाच्या मोटारीला हात लावण्यापूर्वी ते बोर्डातील तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून काढीत आणि सदऱ्याच्या खिशात टाकीत. मेन स्विच खाली केलेला असे, तरीही. एकदा आम्ही विचारले, "मिस्त्रीसाहेब, स्विच तर बंद आहे, मग ही तकलीफ कशाला?" ते म्हणाले, "शेठ, स्विच कोणीही येऊन वर करील. माझ्या खिशातली किटकॅट कोण लावणार?"

या उत्तराची आठवण आम्हाला अलीकडे हेदवीत आमच्याच दुकानात झाली. निमित्त होते एका खेळण्याएवढ्या यंत्राचे. आम्ही कापडवाले, इंजिनिअर नव्हे. परंतु त्या दिवशी जे पाहिले आणि त्यानंतर जाणकार कारीगरांकडून जे समजून घेतले, ते आपल्या वाचकांच्या मुलांच्या कामाचे आहे. वायरमन, मोटार रिवाइंडिंगवाले आणि बॅटरीची कामे करणारे आपले भाई यांच्याही कामाचे आहे. म्हणून हा लेख.

हा खेळ काय आहे?

दूरसंचालनाने चालणारी दोन यंत्रे एका बंदिस्त आखाड्यात सोडायची आणि त्यांची कुस्ती लावायची, असा हा खेळ आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 1994 साली मार्क थॉर्प यांनी 'रोबोट वॉर्स' नावाने पहिली स्पर्धा भरवली. 1998 पासून ब्रिटनच्या टेलिव्हिजनवर ती दिसू लागली आणि जगभर पसरली. आपल्याकडे पवईच्या आयआयटी मुंबईचा 'टेकफेस्ट' 1998 साली सुरू झाला. त्यातील 'रोबोवॉर्स' पाहण्यासाठी तरुणांची झुंबड उडते. कोकणातून मुंबई-पुण्याला इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा शिकायला गेलेली आपली मुलेही आता या नादाला लागली आहेत. नाद वाईट नाही. लेथ, वेल्डिंग, वायरिंग आणि हिशेब हे चारही हुनर त्यात एकदम शिकायला मिळतात.

यंत्रे वजनाच्या गटांत लढतात. लहान गटांत ब्रिटनमध्ये 150 ग्रॅमचा, तर अमेरिकेत 1 पौंडाचा (454 ग्रॅम) आणि 3 पौंडांचा (सुमारे 1.36 किलो) गट आहे. वजन ऐकून कोणी हसू नये. 10 सेंटिमीटर व्यासाचे पोलादी पाते मिनिटाला 8000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 150 किलोमीटर होतो. असे पाते बोटाशी काय करील ते सांगायला नको. शिवाय रेडिओ रिसीव्हर गोंधळला किंवा कोणाचा हात रिमोटच्या दांडीला लागला, तर पाते क्षणात फिरू लागते. म्हणून जाणकार स्पर्धांचा नियम असा की, यंत्राच्या मुख्य विजेच्या वाटेत हाताने तोडता येणारा एक दुवा असलाच पाहिजे. त्यालाच 'रिमूव्हेबल लिंक' म्हणतात. आपण त्याला काढती लिंक म्हणू.

आमच्या गल्ल्यावर काय घडले

मोहल्ल्यातला एक मुलगा सुट्टीत घरी आला होता. सव्वा किलोचा रोबो घेऊन तो दुकानात आला. "चाचा, लिंक ओढायला फितीचा तुकडा पाहिजे," म्हणाला. आम्ही हाताशी होती ती लाल नायलॉन फीत कापून दिली. त्याने ती लिंकेच्या तारेला बांधली आणि गल्ल्यावरच यंत्र चालवून दाखवायला निघाला.

बॅटरीची पिन पिवळी आणि लिंकही तशीच पिवळी, एकाच मापाची. बोलण्याच्या नादात लिंक रोबोत घालण्याऐवजी त्याने ती सरळ बॅटरीच्या सॉकेटमध्ये खुपसली. लिंक म्हणजे दोन टोके तांब्याच्या तारेने जोडलेला तुकडा. तो बॅटरीच्या दोन टोकांवर बसला, म्हणजे उघड शॉर्ट सर्किट. फट्कन ठिणगी उडाली. मुलाने घाबरून फीत ओढली. लिंक निघाली, पण तोवर तार तापून नायलॉन वितळले होते आणि ते त्याच्या बोटाला चिकटले. बॅटरी फुगली. आम्ही ती चिमट्याने उचलून अंगणात कोरड्या वाळूच्या बादलीत टाकली. बोटाला फोड आला, एका ताग्याला भोक पडले. अल्लाहचे शुक्र की तेवढ्यावर निभावले.

चूक मुलाची होती, तशी फीत देणाऱ्या आमचीही होती. जी वस्तू जीव वाचवण्यासाठी बसवायची, तीच निवड चुकली की आग लावते, हा त्या दिवसाचा धडा.

लिंक म्हणजे नेमके काय?

बॅटरीची लाल तार सरळ यंत्रात न नेता मध्ये तोडायची. तुटलेली दोन टोके एका कनेक्टरच्या अर्ध्या भागाला झाळायची आणि तो भाग रोबोच्या अंगात पक्का बसवायचा. कनेक्टरच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची दोन्ही टोके जाड तारेच्या छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडायची. हा दुसरा भाग म्हणजे लिंक. ती बसवली की वाट जुळते आणि काढली की वाट तुटते. आपल्या ओळखीच्या किटकॅटचेच हे भावंड समजावे. फरक एवढाच की किटकॅटमधील बारीक तार जास्त करंटने वितळते, लिंकेची तार वितळत नाही. म्हणजे लिंक ही फ्यूज नव्हे. शॉर्ट सर्किट झाले तर ती आपोआप काही वाचवणार नाही. ती फक्त आपल्या हाताने वीज तोडण्याचे साधन आहे.

मग साधा स्विच का नको? बाजारातील पुष्कळ स्विचांवर '250 व्होल्ट एसी' असे छापलेले असते. घरातील एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी लवकर विझते. बॅटरीची डीसी वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी लांबते, आतील पत्रे जळतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग बटण 'बंद'वर आणि आत वीज चालू! दुसरे असे की रोबोला जोराचा तडाखा बसला की हलक्या स्विचचे पत्रे उसळतात आणि ऐन लढतीत यंत्र मरते.

षट्कोनी चावीने फिरवायचा छोटा स्क्रू-स्विचही मिळतो. तो वजनाला अगदी हलका, म्हणून फार लहान रोबोंत लोक तो वापरतात. पण त्याला चावी लागते आणि तो चालू आहे की बंद, हे बाहेरून पाहून कळत नाही. लिंक मात्र हातात आली की शंकेला जागा उरत नाही. वजन परवडत असेल तर लिंकच घ्यावी, असे आमचे मत झाले आहे.

निवड करताना पाहायच्या गोष्टी

पहिली गोष्ट : लिंक बॅटरीत बसताच कामा नये. आमच्याकडे जे घडले ते यामुळेच. बॅटरीला 'एक्सटी 60' असेल तर लिंकेसाठी 'एक्सटी 90' घ्यावा. माप वेगळे, म्हणजे चुकूनही बसणार नाही. वजनामुळे मोठा कनेक्टर परवडत नसेल तर नर-मादीची अदलाबदल करावी. बॅटरीवर सहसा मादी, म्हणजे भोकांची बाजू असते. लिंकेलाही मादी बाजू द्यावी आणि नर पिना रोबोच्या अंगात खोल खाचेत बसवाव्यात. मादीत मादी जात नाही. मात्र अशा वेळी त्या पिनांना लोखंडाचा तुकडा किंवा स्क्रू-ड्रायव्हर लागणार नाही याची काळजी घ्यावी, कारण दोन पिना जुळल्या की रोबो चालू झालाच.

दुसरी गोष्ट : करंटचा हिशेब. कनेक्टरच्या नावातील आकड्याला भुलू नये. 'एक्सटी 60' मधील 60 अँपिअर हा थोड्या वेळाचा करंट आहे. सतत वाहण्यासाठी कंपनीच्या पत्रकात 30 अँपिअर दिलेले आहेत. तसेच 'एक्सटी 30' सतत 15 आणि थोडा वेळ 30 अँपिअर. आता उदाहरण घ्या. चाकांच्या दोन मोटारी अडकल्या असता प्रत्येकी 5 अँपिअर ओढतात आणि पात्याची मोटार वेग घेताना 30 ओढते. सगळे एकदम झाले तर बेरीज 40 अँपिअर. 'एक्सटी 30' तिथे तोकडा पडतो, 'एक्सटी 60' किंवा त्याहून मोठा पुरतो. हिशेब नेहमी मोटार अडकलेल्या अवस्थेतील करंटचा करावा. लढाईत मोटारी अडकतातच.

तिसरी गोष्ट : जोड. सांध्यातील उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. समजा 30 अँपिअर वाहत आहेत आणि चांगल्या सांध्याचा अडथळा 0.6 मिलिओहम आहे. तर उष्णता 30 गुणिले 30 गुणिले 0.0006, म्हणजे अर्ध्या वॅटच्या आसपास. तोच सांधा कच्चा झाळला आणि अडथळा 10 मिलिओहम झाला तर 9 वॅट! घरातील एलईडी दिवा जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत. प्लॅस्टिक मऊ पडून पिना वाकड्या होतात त्या अशा. म्हणून कथील तारेच्या आतवर मुरले पाहिजे, वरवर गोळा बसता कामा नये. झाळताना कनेक्टरची दुसरी बाजू त्यात घालून ठेवावी, म्हणजे पिना सरळ राहतात. वर हीट-श्रिंक नळी चढवावी.

चौथी गोष्ट : तार आणि माल पारखून घेणे. हे तर आपले रोजचे काम. दुकानदाराला नुसते '14 गेज' म्हणू नये. 14 गेज अमेरिकन मापाने सुमारे 2 चौरस मिलिमीटर आणि ब्रिटिश मापाने सुमारे 3.2 चौरस मिलिमीटर होते. एकाच आकड्याच्या दोन तारा. म्हणून तार चौरस मिलिमीटरमध्येच मागावी. तार ब्लेडने खरवडून पाहावी. वरून तांबडी आणि आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ते नको. कनेक्टरच्या पिनेला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटली तर आत लोखंड आहे, तो माल परत करावा. कापडात आपण वरच्या घडीवर विश्वास ठेवत नाही, तागा उलगडतो. इथेही तसेच करावे. सगळा मिळून खर्च थोडा असतो, त्यात कंजूसी करू नये.

पाचवी गोष्ट : जागा. लिंक पात्यापासून आणि चाकांपासून दूर हवी. हात पात्यावरून नेऊन काढावी लागत असेल तर ती असून नसून सारखीच. ब्रिटनच्या नियमांत ती दिसेल अशा जागी, शस्त्रापासून दूर आणि खूण केलेली असावी असे सांगितले आहे. अमेरिकेतील प्रचलित नियमावलीत माणसाला धोका न होता 15 सेकंदांत वीज तोडता आली पाहिजे असे आहे. रिले वापरला तरी हाताने तोडायचा दुवा वेगळा लागतोच. आपण ज्या स्पर्धेला जाणार तिचे त्या वर्षीचे नियमपत्रक आधी वाचावे, मगच खाच कापावी. रोबो उलटा पडला तर लिंक कशी निघेल, याचाही विचार करावा.

सहावी गोष्ट : पकड. लिंक अंगाबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पहिल्याच टोल्यात प्रतिस्पर्धी ती उडवील. खाचेत बसवून वर सहज उघडणारे झाकण द्यावे. फार वापरून पिना ढिल्या झाल्या की कनेक्टर बदलावा.

सातवी गोष्ट आमच्या धंद्यातली : ओढायची फीत. नायलॉन आणि पॉलिएस्टर तापले की वितळून कातडीला चिकटतात. सूत जळते, पण वितळत नाही. म्हणून घट्ट विणीची सुती नेवाड घ्यावी. खात्री नसेल तर एक धागा काडीला लावून पाहावा. शेवटी कडक मणी झाला तर ते सिंथेटिक आहे. जळक्या कागदाचा वास आला आणि मऊ राख उरली तर सूत. रंग लाल किंवा केशरी, लांबी दोन बोटे शिरतील एवढीच. लांब फीत पात्यात गुंडाळते.

दोन चुका सर्रास होतात

एक, रोबोत दोन बॅटऱ्या असतात आणि लिंक एकीचीच वाट तोडते. लिंक काढली की चाके आणि पाते दोन्ही मेले पाहिजेत. दुसरी, लिंक आहे म्हणून दिवा लावत नाहीत. लिंकेच्या पुढे एक छोटा एलईडी अवश्य लावावा. लिंक काढूनही दिवा जळत राहिला तर वीज कुठून तरी येते आहे, हात लावू नये. लिंक काढल्यावर क्षणभर दिवा टिकून मग विझतो, तो कपॅसिटरमधील उरलेल्या विजेमुळे.

लिंक बसवताना टिचकीसारखी ठिणगी पडते, तीही याच कपॅसिटरमुळे. आमच्या हेदवीचे बामणघळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन समजेल. भरतीचे पाणी खडकातील अरुंद चिरेत एकदम घुसते आणि उंच उसळते. रिकाम्या कपॅसिटरकडे वीज पहिल्या क्षणी अशीच धावते. लिंक चाचपडत न घालता एका दमात दाबून बसवावी. मोठ्या यंत्रांसाठी 'एक्सटी 90 एस' नावाचा प्रकार मिळतो. त्यात 5.6 ओहमचा रोधक आधी लागतो. 12.6 व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर तो पहिला झटका सुमारे सव्वादोन अँपिअरवर रोखून धरतो.

क्रम पाठ करावा

रोबो आखाड्यात ठेवल्यावर पात्याला अडसर घातलेला असावा. आधी रिमोट चालू, मग लिंक, मग दिवा पाहणे, शेवटी अडसर काढून दार बंद. लढत संपल्यावर पाते थांबू द्यावे, अडसर घालावा, लिंक काढावी, दिवा विझलेला पाहावा आणि रिमोट सर्वांत शेवटी बंद करावा. दुरुस्तीच्या टेबलावर लिंक यंत्राच्या शेजारी ठेवू नये. ज्याचा हात यंत्रात, लिंक त्याच्याच खिशात.

आपल्या धंद्याला याचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळासाठी एवढे पान कशाला? जनाब, हा खेळ उद्याच्या धंद्याची तालीम आहे. विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर आता गावोगाव आल्या आहेत. त्यांच्या दुरुस्तीत हाच डीसी करंट, हीच लिथियम बॅटरी आणि असेच कनेक्टर हाताळावे लागतात. 1997 साली जपानमध्ये आलेल्या टोयोटाच्या प्रियस मोटारीत बॅटरी तोडण्यासाठी केशरी रंगाचा एक काढता प्लग आहे. मेकॅनिकने तो काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, अशी सूचना आहे. भिवंडीचे आमचे मिस्त्री ती सूचना न वाचताच पाळत होते.

आपल्या बहुतेक कारीगरांकडे विमा नसतो, पगारी रजा नसते. दोन हात हीच त्यांची पुंजी आणि तीही अल्लाहची अमानत. तवक्कुल जरूर करावे, पण उंट बांधून. घरातला मुलगा असे यंत्र बनवत असेल तर त्याला रोखू नका. त्याच्याजवळ बसा आणि एकच सवाल करा, "बेटा, लिंक कुठे आहे?" त्याने खिशातून काढून दाखवली, तर समजा काम बरोबर चालले आहे.

त्या दिवशीच्या मुलाने नंतर लिंकेचे माप बदलले. फीत मागायला तो पुन्हा दुकानात आला, तेव्हा आम्ही सुती नेवाड कापून दिली. पैसे घेतले नाहीत. अल्लाह आपल्या सर्व कारीगरांच्या हातांची हिफाजत करो. आमीन.